कोकणी मेव्याचं ऑनलाइन दुकान वूकॉमर्सवर: दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतर

कुडाळजवळ आमचा घरगुती उद्योग आहे. आमसूल, आगळ, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, आंबापोळी, फणसपोळी, काजू असा माल. वेबसाइट आधीपासून होती, पण गेल्या दिवाळीच्या तोंडावर ती वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्यालाच जोडून ऑनलाइन दुकान चालवायची सोय) नव्याने मांडली आणि तेव्हापासून रोज तिच्यावर काहीतरी काम चालूच आहे. फराळाची घाई, उन्हाळा आणि आता पाऊस, असे तिन्ही मोसम बघून झाले, म्हणून लिहायला घेतलं.

ऑर्डरी साधारण दीडपट झाल्या. काही वाटा मोसमाचा असेलच. पण सगळ्यात जास्त फरक पडला तो एका गोष्टीने: गिऱ्हाईक फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे जे विचारत होतं, ते सगळं त्या त्या वस्तूच्या पानावर नेऊन ठेवलं.

आगळाचंच बघा. जुन्या पानावर ‘कोकम आगळ, 500 मिली, शुद्ध व नैसर्गिक’ एवढाच मजकूर होता. मुंबई-पुण्याकडची बरीच माणसं ते सरबताचं गोड सिरप समजून मागवायची आणि बाटली उघडली की फोन यायचा, ‘अहो, हे खारट कसं?’ आता पहिल्या ओळीतच लिहिलंय की हा रातांब्याचा मीठ घातलेला रस आहे, साखर अजिबात नाही, सोलकढीला वापरा. त्याखाली दोन वाट्या नारळाच्या दुधाला किती चमचे आगळ लागतं ते, आणि सरबत हवं असेल त्यांच्यासाठी सिरपच्या पानाची लिंक. तक्रारी जवळपास थांबल्याच, शिवाय दोन्ही बाटल्या एकत्र नेणारे वाढले. आमसुलाचं दुखणं वेगळं होतं. आमसूल काळपट, चिकट असतं आणि त्यावर मीठ फुलून पांढरं दिसतं. ज्यांनी घरी कधी पाहिलं नाही त्यांना ती बुरशी वाटते. स्टुडिओतला चकचकीत फोटो काढून टाकला आणि खिडकीच्या उजेडात, तळहातावर चार आमसुलं घेऊन जवळून फोटो काढला. खाली एक ओळ: ‘वर दिसतंय ते मीठ आहे.’ पाकिटावर असतं ते निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, किती महिने टिकतं, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा 14 अंकी परवाना क्रमांक, हे सगळंही पानावर स्पष्ट दिसेल असं ठेवलं. खाण्याची वस्तू न बघता घेणाऱ्याला एवढा भरवसा द्यायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

वूकॉमर्सचा शोध वस्तूच्या नावात आणि वर्णनात असलेले शब्दच शोधतो. त्यामुळे वर्णनात कोकम, आमसूल, आमसोल, सोलं अशी सगळी नावं देवनागरीत आणि रोमन लिपीतही सहज बसतील अशी घातली. अर्ध्या तासाचं काम, पण ‘काही सापडले नाही’ हे पान दिसणं कमी झालं.

दुसरा मोठा विषय कुरिअरचा खर्च. 220 रुपयांचं आमसूल घेणाऱ्याला पैसे भरायच्या पानावर पोचल्यावर अचानक 90 रुपये पोस्टेज दिसलं, तर तो निघून जाणारच. बेमार्ड इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार सरासरी 70 टक्क्यांच्या आसपास कार्ट, म्हणजे निवडलेल्या वस्तूंच्या टोपल्या, अर्धवट सोडले जातात, आणि ऐनवेळी कळणारा जादा खर्च हे त्याचं मोठं कारण आहे. आमच्याकडे हे डोळ्यांसमोर दिसत होतं. आता किमतीखालीच लिहिलंय: महाराष्ट्र-गोव्यात किती, बाहेर किती, आणि 999 च्या वर मोफत. वूकॉमर्समध्ये पिन कोडप्रमाणे झोन, म्हणजे वेगवेगळ्या दराचे विभाग, करता येतात. 416* (म्हणजे 416 ने सुरू होणारे सगळे पिन) असं लिहिलं की आमचा सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि सांगलीचा बराच भाग एका झोनमध्ये येतात, आणि तिथला दर कमी ठेवता येतो. मोफतची मर्यादा दिसू लागल्यापासून लोक एक आमसूल घेऊन थांबत नाहीत, मसाला आणि पीठही टाकतात. एक उणीव आहे: मूळ वूकॉमर्समध्ये वजनाप्रमाणे दर लावता येत नाही, त्याला वेगळं प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घ्यावं लागतं. काचेच्या बाटल्या विकणाऱ्यांनी हा खर्च आधीच धरावा.

पैसे भरायच्या पानावर कंपनीचं नाव विचारणारी पेटी बंद केली, खातं न उघडता ऑर्डर करायची मुभा दिली. पत्त्याच्या रकान्यात नमुना म्हणून ‘घर क्र., वाडी, मु. पो., तालुका’ असं दिलं, कारण गावाकडचे पत्ते तसेच असतात. मोबाइल नंबर सक्तीचा ठेवला, कुरिअरवाल्याला तोच लागतो. यूपीआय सगळ्यात वर. कॅश ऑन डिलिव्हरी मात्र ठरावीक झोनपुरतीच ठेवली. ही सोय मूळ सेटिंगमध्येच आहे आणि फार थोड्या लोकांना माहीत असते. लांबच्या राज्यांतून पार्सल न घेता परत यायचं आणि जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं आमच्या अंगावर पडायचं. ते प्रमाण आता बरंच खाली आलंय.

वेगाबद्दल थोडंच लिहिते. आमची बहुतेक गिऱ्हाइकं मोबाइलवरची. फोनमधून थेट चढवलेले चार-पाच एमबीचे फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात करून शंभर-दीडशे केबीवर आणले, फिरती चित्रपट्टी काढली. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा गुगलचा निकष आहे. पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग तपासायच्या साधनात तो आता बहुतेक पानांवर हिरवा येतो.

थीमबरोबर, म्हणजे साइटच्या तयार साच्याबरोबर, ‘फक्त 2 शिल्लक’ आणि उलटी धावणारी घड्याळं आली होती, ती पहिल्याच आठवड्यात काढली. माल कोठारात भरपूर असताना असं लिहिणं खोटं आहे. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ज्या 13 डार्क पॅटर्नवर (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांवर) बोट ठेवलं त्यांत ही खोटी घाई आहेच, आणि न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणंही आहे. ती घड्याळं गेल्याने आमची विक्री रुपयानेही कमी झाली नाही.

आता त्रास. वूकॉमर्स फुकट असलं तरी होस्टिंग, डोमेन, बॅकअप आणि पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचे) साधारण दोन टक्के अधिक त्यावर जीएसटी, हे सगळं आलंच. देखभाल आपणच करायची. एका प्लगइनच्या अपडेटनंतर पिन कोडची पेटीच दिसेनाशी झाली आणि रविवारी दिवसभर एकही ऑर्डर आली नाही. तेव्हापासून अपडेट आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी, बॅकअप घेऊन, आणि नंतर मोबाइलवरून स्वतः एक ऑर्डर टाकून बघायची, असा नेम आहे. हे बघायला घरात कोणी नसेल तर महिन्याचं भाडं घेऊन सगळं सांभाळणारी तयार सेवा बरी. महिन्याला दहा-पंधराच ऑर्डरी असतील तर मी दोन्ही सुचवणार नाही, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआयचा क्यूआर पुरेसा आहे.

हापूसच्या पेट्या आम्ही अजून साइटवर घेतलेल्या नाहीत. फळ कधी तयार होईल आणि गाडी कधी निघेल यावर सगळं असतं, त्यामुळे त्या पानावर फक्त फोन नंबर आणि कोणत्या शहरांत पोचवतो त्यांची यादी आहे. पुढच्या मोसमात मुंबई-पुण्यापुरती आगाऊ नोंदणी सुरू करायचा विचार आहे.