नवं मशिन घ्यावं की असेंब्ली हलकी करावी?

लोटे-परशुरामच्या केमिकल कारखान्यांसाठी चिपळूण-खेडमध्ये पायपिंग आणि स्किडची (एकाच चौकटीवर बसवलेल्या पंप-पाइपच्या संचाची) कामं करणाऱ्यांना हा प्रश्न कधीतरी पडतोच. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, अनेक पार्टच्या मोठ्या असेंब्लीत एक मेट (दोन पार्टमधली जोडणी) बदलला की कर्सर फिरत बसतो, आणि मालक कोटेशन मागवायला लागतो.

दुकानदार जास्त कोअरचा प्रोसेसर पुढे करेल. पण रीबिल्डमध्ये, म्हणजे बदलानंतर मॉडेल पुन्हा तयार होताना, एका फीचरचं (भोक, कट वगैरे) गणित आधीच्या फीचरवर टेकलेलं असतं, त्यामुळे ते बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. बाकीचे कोअर बघे. रेंडरिंग किंवा सिम्युलेशन करत असाल तर गोष्ट वेगळी. एरवी कोअर कमी असले तरी चालतील, क्लॉक स्पीड जास्त हवा. ग्राफिक कार्डाचा उपयोग मॉडेल फिरवताना. रीबिल्ड त्याने फारसा हलत नाही. फायली सर्व्हरवरून थेट उघडत असाल, तर आधी स्वतःच्या एसएसडीवर घेऊन फरक बघा.

असेंब्ली हलकी करायला पैसे लागत नाहीत, पण चिकाटी लागते. इव्हॅल्युएट टॅबमधलं परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन चालवा, कुठला पार्ट वेळ खातो ते समोर येतं. बहुतेकदा तो व्हेंडरने पाठवलेला पंप निघतो: आत इम्पेलर, बेअरिंग, मोटरच्या पात्या, सगळं. आपल्याला हवेत फक्त नोझल आणि पायाची भोकं! डीफीचर करून आतलं सगळं काढा. बोल्टवर खरे आटे कोरलेले असतील तर कॉस्मेटिक थ्रेड, म्हणजे आट्यांची नुसती खूण, वापरा. शेकडो मेट्स वरच्याच पातळीवर असतील तर सब-असेंब्ली पाडा. हे काम कंटाळवाणं आहे, तरी मी ते आधी करेन. स्पीडपॅकनेही, म्हणजे फक्त निवडलेले फेस (पार्टचे पृष्ठभाग) ठेवणाऱ्या असेंब्लीच्या हलक्या रूपानेही, मोठा फरक पडतो, मात्र त्यात न निवडलेल्या फेसला मेट लावता येत नाही. लेआउट अजून बदलत असेल तर हे नडतं.

साफसफाईनंतरही टास्क मॅनेजरमध्ये रॅम भरलेली दिसली, तर मात्र रॅम वाढवा. पूर्ण नवं मशिन घ्यायचंच असेल, तर ग्राफिक कार्डाच्या बजेटमधून आधी चांगला यूपीएस काढा. पावसाळ्यात इथली लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि मोठी असेंब्ली सेव्ह व्हायला वेळ घेते.

क्लायंटला साइटवर नुसतं दाखवायचं असेल तर भारी लॅपटॉपही नको. सॉलिडवर्क्सच्या लार्ज डिझाइन रिव्ह्यू मोडमध्ये पूर्ण डेटा लोड न करता असेंब्ली उघडते, सेक्शन काढता येतो, मापही घेता येतं.