घड्याळ मुलाच्या मनगटावर, ठोके माझ्या छातीत

मुलांसाठीचं जीपीएस घड्याळ जूनमध्ये शाळा सुरू होताना घेतलं. साडेतीन हजारांच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतली बरीचशी घड्याळं आतून सारखीच असतात, खोका आणि त्यावरचं कार्टून तेवढं बदलतं. चिरंजीव पाचवीत. सकाळची शाळा विष्णूनगरला, दुपारी घरी आजीच्या हातचं जेवण, मग दीनदयाळ रोडवर क्लास, सहाच्या आत परत. मी फोर्टला एका ऑफिसात, नवरा अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टला. डोंबिवली पश्चिमेतल्या निम्म्या घरांसारखंच आमचं घर.

आधी जमेच्या गोष्टी. फोन लागतो, आवाज स्वच्छ येतो. आपण भरलेल्या नंबरांखेरीज कुणाचाच फोन आत येत नाही, त्यामुळे पर्सनल लोन विकणाऱ्यांपासून पोरगं तरी सुटलं. शाळेच्या वेळेत खेळ, कॅमेरा सगळं बंद ठेवता येतं, फक्त वेळ दिसते. लाल बटण दाबून धरलं की पहिल्या नंबरला फोन जातो, तो उचलला नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. घरात करून पाहिलं. मी उचलला नाही, नवऱ्याने उचलला नाही, शेवटी सासूबाईंनी उचलून "कोण बोलतंय?" असं विचारलं आणि समोरच्या सोफ्यावरून नातू म्हणाला, "मी." या एका बटणासाठी मी पुन्हा पैसे देईन.

सिमचा घोळ मात्र दुकानदार सांगत नाही. स्वस्तातली बरीच घड्याळं २जीवर चालतात आणि जिओकडे २जी मुळात नाहीच. घरात पडून असलेलं जिओचं सिम घातलं, तर घड्याळ ढिम्म. मग दुसऱ्या कंपनीचं सिम, पुन्हा आधार, पुन्हा अंगठा, आणि पाठोपाठ रिचार्ज. हा खर्च खोक्यावर लिहिलेला नसतो. बॅटरी एक दिवस पुरते, तीही ठिकाण सारखं बघितलं नाही तर. आणि ठिकाण सारखं बघायचं नसेल तर हे घड्याळ कोण कशाला घेईल?

आता त्या ठिकाणाबद्दल. उघड्यावर, आकाश दिसत असेल तर घड्याळ उपग्रहावरून जागा काढतं आणि ती बऱ्यापैकी बरोबर असते. इमारतीत शिरलं की ते मोबाईलच्या टॉवरवरून अंदाज बांधायला लागतं. मग शे-दोनशे मीटर इकडे तिकडे, कधी त्याहून जास्त. ॲपमध्ये मात्र दोन्ही वेळा तोच गोड हिरवा ठिपका दिसतो. हा अंदाज आहे की खात्री, हे ठिपका सांगत नाही. त्याच्याभोवती फिकट वर्तुळ असतं, वर्तुळ मोठं म्हणजे भरवसा कमी, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी, बाहेर धो धो पाऊस, आणि ठिपका मोठागावच्या खाडीत. काठावर नाही, पाण्यात. मी तेव्हा भायखळा आणि दादरच्या मध्ये, लेडीज डब्यात, एक हात कडीला. चिरंजीव क्लासमध्ये लघुत्तम साधारण विभाज्य काढत बसले होते, हे सरांना फोन लागल्यावर समजलं. तोपर्यंत कुर्ला गेलं होतं.

इथवर हे साध्या वस्तूचं परीक्षण झालं. पण हे घड्याळ विकलं जातं ते 'पालकांच्या निश्चिंतीसाठी', खोक्यावर तसं छापलेलंच आहे. तेव्हा त्या दाव्याचंही परीक्षण व्हायला हवं.

निश्चिंती मिळते, पण ती किती पुरते हे मी स्टेशनांवर मोजते. सुरुवातीला सीएसएमटीला ॲप उघडलं की ठाण्यापर्यंत जिवाला बरं असायचं. पंधरवड्यात ते दादरपर्यंत आलं. गणपतीच्या सुमारास भायखळ्याला पाहिलेलं दादरला शिळं वाटायला लागलं. ठिपका शाळेत दिसला तर 'शाळेतच ना, की शेजारच्या गल्लीत?' आणि ठिपका हललाच नाही तर 'घड्याळ काढून कुणी फेकलं तर नाही?' म्हणजे उत्तर मिळालं की त्यातून नवा प्रश्न. आमच्या डब्यात एक काकू आहेत, मटार सोलता सोलता मधूनच फोन बघतात. त्यांचा मुलगा पुण्याला हॉस्टेलवर असतो. वय वर्षं १९. त्या म्हणाल्या, "अगं, सवय लागते. मी तर तो झोपला की नाही तेही बघते." मला वाटलं होतं पाचवी संपली की हे संपेल.

माझ्या आईचं सांगते. २६ जुलै २००५, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी अकरावीत, कल्याणला कॉलेजात अडकलेले, गाड्या बंद, फोन लागत नव्हते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचले. आईला काहीच कळायला मार्ग नव्हता. तिने काय केलं? शेजारच्या वहिनींकडे जाऊन बसली. त्यांचाही मुलगा अडकला होता. दोघींनी रात्रभर चहा केला, देवाला नवस बोलल्या, एकमेकींना धीर दिला. भीती आईलाही माझ्याएवढीच वाटली असणार. पण तिच्याकडे बघत बसायला काही नव्हतं, म्हणून ती माणसांकडे गेली. मी भर गर्दीच्या डब्यात एकटीच ठिपका बघत असते आणि शेजारणीला त्याचा पत्ता नसतो.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र जरा वेगळंच लक्षात आलं. सासूबाईंनी चिरंजीवांना खालच्या डेअरीतून दही आणायला सांगितलं. डेअरी आमच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर. तो म्हणाला, "घड्याळ चार्जिंगला आहे." "मग?" "मग मी कसा जाऊ?" हाच मुलगा चौथीत असताना एकटा जाऊन यायचा, वर उरलेल्या पैशांचं चॉकलेट खायचा. सासूबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "दह्याला आता घड्याळाची परवानगी लागते होय?"

मुलाला कुणीही सांगितलं नव्हतं की खाली धोका आहे. पण रोज सकाळी आई मनगट धरून पट्टा घट्ट करते, चार्जिंग बघते, 'काढू नकोस हं' म्हणते, क्लासमधून बाहेर पडल्या पडल्या घड्याळ वाजतं आणि आईचा आवाज आधीच चढलेला असतो. दहा वर्षांचं पोर यातून जे समजायचं ते समजतं. आपण शब्दांनी धीर देतो, पण पोरं शब्द ऐकत नाहीत, चेहरा वाचतात.

ठाण्याला एका समुपदेशन केंद्रात गेलो. मला वाटलं तिथल्या समुपदेशक मॅडम मुलाशी बोलतील. मॅडमनी त्याला दोन प्रश्न विचारून बाहेर चित्रं काढायला बसवलं आणि पुढची सगळी सत्रं आम्हा दोघांचीच घेतली. नवरा आधी वैतागला. "घाबरतो तो आणि तपासणी आपली?" मग मॅडमनी येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या कामाबद्दल सांगितलं. २०२० साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात चिंतेचा त्रास असलेली ७ ते १४ वर्षांची १२४ मुलं होती. एका गटात मुलांवर नेहमीचे उपचार झाले, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याची सीबीटी. दुसऱ्या गटात मुलांना बोलावलंच नाही, फक्त त्यांच्या पालकांची १२ सत्रं घेतली. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. आमच्या मुलाला आजारबिजार काही नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण पद्धत तीच वापरू म्हणाल्या.

त्या पद्धतीचा गाभा असा की मुलाची भीती टाळण्यासाठी घरातले जे जे करतात, त्याच्याऐवजी दही आणून देणं, पुन्हा पुन्हा 'काही होणार नाही ना?'चं उत्तर देणं, ते सगळं हळूहळू कमी करायचं. ओरडून नाही, की 'घाबरट कुठला' म्हणूनही नाही. दोन गोष्टी एका दमात सांगायच्या: तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, आणि तुला जमणार आहे हेही मला माहीत आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिल्या अर्ध्या वाक्यानंतर आईच्या तोंडून 'पण' निघतो, तो गिळायला किती जोर लागतो ते करून बघा.

आणि माझं काय? माझ्यासाठी मॅडमनी घड्याळच वापरलं. ॲप बघावंसं वाटलं की लगेच बघायचं नाही, पुढचं स्टेशन येऊ द्यायचं. पोटात गोळा येतो, हात पर्सकडे जातो, घशाला कोरड पडते. ते सगळं होऊ द्यायचं आणि बघत राहायचं. चिंता चढते, तशी उतरतेही. न बघताही उतरते, हे अंगाला कळावं लागतं, नुसतं डोक्याला कळून भागत नाही. पहिल्या दिवशी दादर ते घाटकोपर माझी जी अवस्था झाली ती काकूंनी बघितली आणि मला गोळी आहे का विचारलं. नंतर सुसह्य झालं. श्वासाचा व्यायामही दिला होता, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. तो प्लॅटफॉर्मवर उपयोगी पडतो. संध्याकाळी सहाच्या डब्यात श्वास घ्यायला मिळतो हेच पुष्कळ, सोडण्याचं नंतर बघू.

ॲपमध्ये काय बदललं ते घेणाऱ्यांच्या कामाचं आहे. 'मूल हद्दीबाहेर गेलं' ही सूचना बंद केली. डब्यात हृदय बंद पाडायला ती एक पुरते आणि निम्म्या वेळा ती टॉवरचा घोळ असते. दिवसात एकदाच, क्लास सुटल्यावर बघायचं ठरलं, तेही घरी फोन न लागला तर. लाल बटण आणि फोन चालू ठेवले. मुलाच्या नकळत आजूबाजूचं ऐकण्याची सोय होती, ती कायमची बंद. अशी सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर जर्मनीत नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदीच आली आणि पालकांना ती नष्ट करायला सांगितलं गेलं. मला ते पटतं. वर्गात दुसऱ्यांचीही मुलं असतात, बाई शिकवत असतात, त्यांनी काय घोडं मारलंय?

नवऱ्याने ॲप कधी घेतलंच नव्हतं. "काही झालं तर फोन येईल," एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. मॅडमनी त्यालाही सोडलं नाही. चिंता सगळी बायकोवर टाकून मोकळं राहणं म्हणजे धीर नव्हे, असं त्याला सरळ ऐकवलं. आता पहिली शिफ्ट असली की त्या दिवशीचा क्लास सुटल्यावरचा फोन तो घेतो. माझा एक दिवस मोकळा जातो, ही या सगळ्या खटाटोपातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

दह्याचं झालं. आधी आजी गेटपर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग गॅलरीतून, आणि नाताळच्या सुट्टीत तो घड्याळाशिवाय एकटा गेला. यायला इतका वेळ लावला की सासूबाईंनी फोडणी बंद केली. कारण विचारलं तर रस्त्यावर जेसीबी खणत होता, तो बघत उभा होता. मी दाराशी 'कुठे होतास' हे म्हणायला तोंड उघडलं होतं, ते 'दही आंबट आहे का?' असं बाहेर पडलं.

समुपदेशनाची फी घड्याळापेक्षा जास्त झाली, हे लपवत नाही. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. फक्त मुलाचंच नाही, आपलंही सांगता येतं.

घड्याळाला पाचपैकी अडीच तारे. दोन लाल बटणाला, अर्धा कर्जवाल्यांचे फोन अडवतं म्हणून. निश्चिंतीच्या दाव्याला शून्य. घ्यायचंच असेल तर ४जी घ्या, दुकानातच सिम घालून फोन लावून बघा, ऐकण्याची सोय असलेलं टाळा, ते वर्तुळ काय सांगतं हे पहिल्याच दिवशी समजून घ्या, आणि पट्टा वेगळा मिळतो का ते विचारा. आमचा सहा महिन्यांत तुटला.