सोसायटीचं चाळीस वर्षांचं दप्तर आणि रीकॉल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमची सोसायटी ठाण्यात, नौपाड्यात. बिल्डरने सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायचं असतं, ते आमच्याकडे कधी झालंच नाही. गेल्या वर्षी डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरशिवाय सरकारकडून तेच करून घेण्याचा, अर्ज करायचं ठरलं आणि सेक्रेटरी म्हणून जिन्याखालचं लोखंडी कपाट माझ्या गळ्यात पडलं. आत सदतीस फायली. गोखले रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून साडेचार हजार पानं ३०० डीपीआयला स्कॅन करून घेतली आणि शेजारच्या मुलीच्या मदतीने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून रीकॉल हे फायलींत शोधायचं सॉफ्टवेअर बसवलं.

रीकॉल लिनक्सवर फुकट मिळतं. ते फायलींमधला सगळा मजकूर वाचून शब्दांची सूची बनवतं आणि मग त्या सूचीत शोधतं. स्कॅन म्हणजे नुसतं चित्र, त्यामुळे आधी ओसीआरमायपीडीएफ या प्रोग्रामने प्रत्येक पीडीएफला मजकुराचा थर दिला. त्याच्या पोटात टेसरॅक्ट आहे, ते ओसीआर करतं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखतं. भाषा लावताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही लावा, कारण आपली पत्रं निम्मी-निम्मी असतात. सगळं आपल्याच मशीनवर राहतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांचे करारनामे आणि वारसांची नावं कुठल्या परक्या सर्व्हरवर चढवायची माझी तयारी नव्हती.

पहिल्या महिन्यात मात्र मी हे सोडून द्यायच्या बेतात होतो. वकिलांनी भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), म्हणजे इमारत वापरायला पालिकेने दिलेला दाखला, मागितलं. तसं टाकलं, काही नाही. ‘ओसी’ टाकलं, तर अलीकडच्या दोन पत्रांत नुसता उल्लेख. दोन रविवार फायली हातांनी उलटल्या. मग एका जुन्या सभासदांनी सहज विचारलं, “वापर परवाना म्हणून बघितलंत का?” अकरा निकाल आले आणि तिसराच १९८६ सालचा तो कागद होता. तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं की हे साधन कागदावर जे लिहिलंय तेच शोधतं. कागद ज्याने लिहिला त्याचा शब्द आपल्याला माहीत हवा. आमच्या जुन्या इतिवृत्तांत फ्लॅटला ‘गाळा’ म्हणतात, मधल्या काळात ‘सदनिका’ आणि आता सरळ ‘फ्लॅट’. मी वहीत अशा जोड्या लिहून ठेवल्या आहेत आणि शोधताना ‘किंवा’ लावून तिन्ही देतो.

खरी मेहनत आहे ती मराठीच्या विभक्तीची. इंग्रजीत शब्दाचं मूळ ओळखून सगळी रूपं शोधायची सोय रीकॉलमध्ये आहे, मराठीसाठी ती नाही. ‘सदनिका’ टाकलं तर ‘सदनिकेचे’, ‘सदनिकांच्या’ सुटतात. उपाय म्हणजे तारांकन: सदनिक* दिलं की सगळी रूपं येतात. पण तेही विचार करून वापरावं लागतं. सभा* दिलं की सभासद आणि सभागृहही येतात, म्हणजे जवळजवळ सगळं दप्तरच. म्हणून मी ‘सभा’ आणि सभे* असं देतो. गाळ* दिलं तेव्हा टाकी साफ करून गाळ काढल्याची बिलं आली; आता ‘गाळा’, गाळे*, गाळ्य* असं तोडून देतो. आकड्यांचंही तेच. गाळा क्रमांक कुठे देवनागरीत, कुठे इंग्रजी आकड्यांत, दोन्ही द्यावे लागतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला सारखा, मशीनला वेगळा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फायली, ज्यांतली अक्षरं मशीनला मराठी म्हणून कळतच नाहीत, त्या तर शोधात येतच नाहीत. त्या छापून पुन्हा स्कॅन केल्या.

निकालांचा क्रम चांगला लागतो. रीकॉल झापियन नावाच्या इंजिनावर चालतं आणि त्यात दुर्मीळ शब्दाला जास्त वजन मिळतं. ‘सोसायटी’ने काही होत नाही, ‘ड्रेनेज’ने होतं. तरी उपविधींची पुस्तिका आणि १९६० च्या सहकार कायद्याची प्रत प्रत्येक शोधात डोकावते, कारण त्यात सगळेच शब्द आहेत. ते फोल्डर वगळायची अट मी कायम लावून ठेवतो. तारखेची मर्यादाही घालता येते, पण ती फाइलची तारीख असते, पत्राची नव्हे. म्हणून फायलींना वर्षवार फोल्डर केले.

शिक्का मजकुरावर पडला असेल तर ओसीआर हात टेकतं. हस्ताक्षर तर वाचतच नाही, आणि १९९५ पूर्वीची आमची सगळी इतिवृत्तं हाताने लिहिलेली आहेत.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना काकांनी भरलेला नामनिर्देशनाचा अर्ज हवा होता. अर्जावर नाव पेनाने लिहिलेलं, त्यामुळे शोधात आलं नाही. पण नामनिर्देशनाची नोंद कमिटीच्या सभेत होते आणि २००३ चं इतिवृत्त टाइप केलेलं होतं. नामनिर्देश* आणि आडनाव दिलं, पान उघडलं, तारीख मिळाली. त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये दहा मिनिटांत अर्ज सापडला. काकूंनी काकांची सही बराच वेळ बघितली आणि मग प्रिंट मागितली.

आता दर रविवारी सकाळी मी जुनी इतिवृत्तं वाचतो आणि शेजारची ती मुलगी प्रत्येक ठरावाचा विषय टाइप करते. आम्ही १९८९ पर्यंत आलो आहोत.