मस्कतमध्ये चार वर्षं व्ही-स्ट्रॉम ६५०

मामाच्या मुलाला मस्कतमध्ये नोकरी लागलीय. गणपतीला खानापूरला आलो त्या दिवसापासून तो माझ्या मागं लागलाय, "दादा, तिकडं गाडी कुठली घेऊ?" त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. आपल्या भागातली बरीच पोरं तिकडं आहेत, कुणाला तरी उपयोग होईल.

माझी गाडी म्हणजे सुझुकीची व्ही-स्ट्रॉम ६५० एक्सटी मोटारसायकल, २०१८ चं मॉडेल. वापरलेलीच घेतली. तेव्हा २१,००० किलोमीटर झाले होते, आता ५८,००० झालेत. ६४५ सीसीचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन, २० लिटरची टाकी, पुढं १९ इंची चाक, मागं १७ इंची. तारांची चाकं असूनही टायर ट्यूबलेस, त्यामुळं पंक्चर झालं तर रस्त्याकडेला चाक न काढता जागेवर भरता येतं. वाळवंटात याची किंमत कळते.

इंजिनाबद्दल माझी एकही तक्रार नाही. मस्कतहून दक्षिणेकडच्या सलालाह शहराला आतल्या रस्त्यानं साधारण हजार किलोमीटर पडतात. वाटेतल्या हैमा गावाच्या अलीकडं-पलीकडं नुसतं सपाट माळ, सावलीला झुडूप नाही. तिथं ११० च्या वेगानं दिवसभर चालवली तरी हाताला मुंग्या येत नाहीत. मला लिटरला २३ च्या आसपास पडतं, म्हणजे एका टाकीत चारशेच्या वर. बेळगावात टाकी भरली तर पुणं गाठून वर पेट्रोल उरेल, असा हिशेब.

आता देखभालीचं. खरं सांगायचं ते इथंच आहे.

घेतल्यावर लगेच २४,००० किलोमीटरचं काम आलं, इंजिनातल्या व्हॉल्व्हची (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांची) फट तपासायचं. त्यासाठी टाकी आणि एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा, उतरवावा लागतो. तिथल्या एका गॅरेजला गाडी दिली. दोन महिन्यांनी मी स्वतः टाकी उचलून बघितलं तर एअर फिल्टर एका कोपऱ्यात नीट बसलेलाच नव्हता. आतल्या बाजूनं, जिथं एक कणही असता कामा नये तिथं, बोट फिरवलं. बोटावर तांदळाच्या पिठीसारखी बारीक धूळ आली. दोन बोटं एकमेकांवर घासली तर करकर लागली. ही धूळ सरळ सिलिंडरमध्ये जात होती. त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही. चार वर्षांची बचत घालून घेतलेली गाडी, आणि कुणीतरी एक झाकण नीट दाबलं नाही म्हणून ती आतून घासत होती.

मग मस्कतच्या वादी कबीर भागात एक केरळचा मेस्त्री सापडला. त्यानं सगळं उघडून साफ केलं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं, सुदैवानं ठीक निघालं. ४८,००० ला त्यानंच व्हॉल्व्ह बघितले. एक्झॉस्टच्या दोन व्हॉल्व्हची फट कमी झाली होती, शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) बदलून घेतले. व्हॉल्व्ह सोडून बाकी सगळं मी आता स्वतः करतो. एअर फिल्टर दर तीन हजारांना उघडतो, वाळूच्या वाऱ्यात चालवली असेल तर त्याच आठवड्यात.

चेनला तिकडं चिकट स्प्रे मारू नका. वाळू त्यावर बसते आणि स्प्रॉकेट कानशीनं घासल्यासारखं झिजतं. मी रॉकेलच्या फडक्यानं पुसतो आणि नव्वद नंबरचं गियर ऑईल हलक्या हातानं लावतो, जास्तीचं परत पुसून टाकतो. तारेचा ब्रश मारायचा नाही, चेनमधल्या रबरी ओ-रिंग फाटतात. सेंटर स्टँड गाडीबरोबर येत नाही, तो वेगळा बसवून घ्या, नाहीतर चेनचं काम करताना दरवेळी दुसरा माणूस शोधावा लागतो.

साईड स्टँड वाळूत रुततो, त्यावर उपाय मात्र मला इथं बेळगावातच मिळाला. मागच्या सुट्टीत स्टँडच्या पायाचा कागदावर ठसा घेऊन आलो होतो. उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या भागात, एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो आणि स्टँडच्या पायाखाली लावायला दहा एमएमची प्लेट मागितली. लेथवरचे काका ठसा बघत म्हणाले, "दहा कशाला ओ? गाडी सरळ उभी राहील, वाऱ्यानं पलटी होईल. चार एमएम बास. पण रुंद करा, आणि कडा मोडून घ्या, नायतर पायाला लागंल." गाडी त्यांनी कधी बघितलेली नव्हती, पण कल त्यांना त्या ठशावरून कळला. तळहाताएवढी प्लेट कापून, कडा घासून, भोकं पाडून दिली. ती बॅगेत घालून नेली. दोन वर्षं झाली, गाडी एकदाही कलंडली नाही.

कच्च्या रस्त्याचं एवढंच सांगतो की वजन २१६ किलो आहे, हे विसरू नका. वादी बनी औफ या डोंगरातल्या दरीच्या खडीच्या उतारावर पहिल्या गियरमध्ये, हळू, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी सोय) बटणानं बंद होत नाही हे लक्षात ठेवून उतरलो. जमतं. मऊ वाळूच्या डोंगरांवर मी नेत नाही, तिथं हलकी गाडी पाहिजे.

कागदपत्रांत मोटारसायकलचं लायसन्स वेगळं काढावं लागलं. विमा असल्याशिवाय मुल्किया, म्हणजे तिकडचं गाडीचं नोंदणीपत्र, नवी होत नाही, तारीख फोनमध्ये घालून ठेवा.

टायर मधोमध सपाट होतात, सरळ रस्ता आणि उष्णता दोन्ही असल्यामुळं. मागचा मला ११,००० किलोमीटर पुरतो.

मामाच्या मुलाला मी हीच गाडी घे म्हणून सांगितलंय. वापरलेली घ्यायला गेलास तर सीटखालचं, रंगाचं नंतर बघ. आधी मालकाला टाकी उचलू दे आणि एअरबॉक्सच्या आतल्या बाजूनं बोट फिरव. तो तयार झाला नाही तर निघून ये. परवा त्याला घेऊन परत उद्यमबागेत जायचंय, त्याच्यासाठीही एक प्लेट कापून घ्यायची आहे.