जिओ की एअरटेल? आधी विहिरीवरच्या स्टार्टरचं बघा

सोयाबीनचे पैसे हातात आले की मराठवाड्यात बऱ्याच घरी नवा फोन येतो, आणि त्याच्या मागोमाग सिमचा वाद. पोरगं म्हणतं जिओ, बाप म्हणतो आहे ते एअरटेलच बरं. दुकानदार स्पीडचे आकडे दाखवतो. ते आकडे त्याच्या दुकानातले, तुमच्या शेतातले नव्हेत.

दोन्ही कंपन्यांचं ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, पण घडण वेगळी. एअरटेलने 'नॉन-स्टँडअलोन' पद्धत घेतली. यात फोन आधी ४जीला जोडला जातो आणि ५जीचा वेग त्यावर चढतो. जुनीच यंत्रणा कामी आल्याने खर्च वाचला. जिओने 'स्टँडअलोन' म्हणजे मुळापासून वेगळं ५जी उभारलं. आपलंच खरं ५जी, अशी जाहिरात जिओने केली. ग्राहकाला फरक कळत नाही, असं एअरटेलचं म्हणणं. लातूरला क्लाससाठी खोली करून राहिलेल्या पोराच्या बाबतीत मला एअरटेलचं म्हणणं पटतं. शहरात दोन्ही चालतात, खोलीत ज्याची रेंज येते ते घ्यावं.

शेतावर मात्र हिशेब फिरतो. २०२२ च्या लिलावात जिओने ८८,०७८ कोटींचे स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाईलच्या लहरींचे पट्टे, घेतले, एअरटेलने ४३,०८४ कोटींचे. जिओच्या खरेदीत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा होता, जो त्याआधीच्या लिलावांत महाग म्हणून कुणीच उचलला नव्हता. एअरटेलने तो याही वेळी सोडला. ही लहर लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरते. टॉवर गावात आणि वस्ती दोन-तीन किलोमीटरवर, अशा ठिकाणी जिओचं ५जी टिकण्याची शक्यता त्यामुळे जास्त. पण हा पट्टा जेमतेम १० मेगाहर्ट्झ रुंद आहे. शहरात ज्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर वेग मिळतो तो दोघांकडेही १०० मेगाहर्ट्झ रुंद आहे. म्हणून बांधावर ५जीची खूण दिसली तरी शहरातला वेग मिळेल असं समजू नका.

फोन घेताना खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर दोन गोष्टी बघा: 'एसए' (स्टँडअलोन) आहे का, आणि बँडच्या म्हणजे पट्ट्यांच्या यादीत 'एन२८' आहे का. जिओचा हा ७०० चा पट्टा म्हणजेच एन२८. सुरुवातीच्या काही ५जी फोनमध्ये फक्त एन७८, म्हणजे शहरातला ३३०० चा पट्टा होता. असा सेकंडहँड फोन स्वस्तात मिळतो आणि वस्तीवर ४जीवरच बसतो.

आता खरा मुद्दा, ज्याच्याकडे ५जीच्या नादात कुणी बघत नाही. शेतीची लाइट रात्री-अपरात्री येते, म्हणून अनेकांनी विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवलाय. रिंग दिली की मोटर चालू. यातले बरेच जुने स्टार्टर २जीवर चालतात. जिओकडे २जी नाहीच. सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनी आली तीच ४जी घेऊन. त्या डब्यात जिओचं सिम घाला, मोटर हलणार नाही. तिथे एअरटेल, व्हीआय नाही तर बीएसएनएल, ज्याचं २जी विहिरीवर पोचतं ते. नवा स्टार्टर घेणार असाल तर ४जीचाच मागा, मग सिमची अट राहत नाही.

म्हाताऱ्यांच्या जुन्या बटणाच्या फोनचंही तेच. जिओवर न्यायचं तर ४जी बटणफोन घ्यावा लागतो. जिओभारत २०२३ मध्ये ९९९ रुपयांत आला, पण त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत रिलायन्सचे सीडीएमए फोन घेतलेल्यांना ही अट ओळखीची वाटेल; तेव्हाही फोन कंपनीलाच बांधलेला असायचा. स्वस्त फोनच्या बदल्यात हा व्यवहार मला आजही महाग वाटतो.

थोडक्यात, सगळं घर एका कंपनीवर नेण्याचा हट्ट मी करणार नाही. वस्तीवर राहणाऱ्याला एन२८ असलेला फोन आणि जिओ, विहिरीला व आजोबांना २जी असलेली कंपनी, शहरातल्या पोराला त्याच्या खोलीत रेंज येईल ती. स्टार्टरच्या सिमला डेटा लागत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपासून फक्त कॉल-एसएमएसचे पॅक निघालेत, तेच टाका. ऊसतोडीला कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्यांनी तिथल्या फडावर कुणाची रेंज असते हे मुकादमाला विचारून ठरवावं.

नंबर पोर्ट करायची घाई नको. आधी शेजाऱ्याचं सिम तुमच्या फोनमध्ये घालून विहीर, घर आणि गोठा असं फिरून बघा, तेही संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, जेव्हा टॉवरवर गर्दी असते. गावातली लाइट गेली की टॉवर किती वेळ तग धरतो तेही विचारा. मग १९०० वर पोर्टचा मेसेज. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. आणि स्टार्टरमध्ये कुणाचे नंबर नोंदवलेत ते आधी लिहून ठेवा, कारण काही डब्यांत ते सिमवरच साठवलेले असतात.