व्यापाऱ्यांचे दालन चालते, राजवाडा नको: स्पेनच्या ऐतिहासिक वास्तूंतील बैठका

गेल्या काही वर्षांत आमच्या संस्थेच्या चार बैठका मी स्पेनमध्ये भरवल्या आणि त्या चारही ऐतिहासिक वास्तूंत झाल्या. वास्तू किती जुनी किंवा किती देखणी आहे यापेक्षा ती मुळात कशासाठी बांधली गेली, हे आधी पाहावे, असे माझे मत त्यातून झाले आहे. जेथे पूर्वीही माणसे कामासाठी एकत्र येत, तेथे आजचे कामही सुरळीत होते. एखाद्या घराण्याचे वैभव मिरवण्यासाठी उभारलेल्या जागेत मात्र ते अवघडून बसते.

बार्सिलोनाची ‘ल्योजा दे मार’ बाहेरून अठराव्या शतकातील नवअभिजात शैलीची दिसते, परंतु तिच्या पोटात चौदाव्या शतकातील गॉथिक दालन शाबूत आहे. सागरी व्यापार करणारे येथे सौदे ठरवीत आणि १९९४ पर्यंत शहराचा शेअर बाजारही याच इमारतीत होता. एवढ्या विस्तृत दालनात खांब चारच असल्यामुळे व्यासपीठ बहुतेकांना दिसते. छत उंच आणि भिंती दगडी असल्याने आवाज घुमतो, म्हणून एकच मोठा ध्वनिक्षेपक लावण्यापेक्षा श्रोत्यांच्या जवळ लहान लहान स्पीकर ठेवणे श्रेयस्कर.

माझी खरी पसंती मात्र त्याच शहरातील सांत पाऊ या जुन्या रुग्णालयाला आहे. वास्तुरचनाकार लुईस दोमेनेक इ मुंतानेर यांच्या आराखड्यानुसार १९०२ ते १९३० या काळात उभे राहिलेले हे संकुल २००९ पर्यंत रुग्णसेवेत होते. संसर्ग पसरू नये म्हणून प्रत्येक विभागाला बागेत स्वतंत्र इमारत दिली गेली आणि रुग्णांची ने-आण करण्यासाठी त्या भुयारांनी जोडल्या गेल्या. या रचनेचा आम्हाला अनपेक्षित लाभ झाला: एकाच वेळी चाललेल्या तीन सत्रांचा परस्परांना त्रास झाला नाही, आणि रुग्णांसाठी योजलेला भरपूर उजेड दुपारच्या सत्रातल्या पेंगुळलेल्या मंडळींनाही उपकारक ठरला. दिवसा पर्यटकांची वर्दळ असते; त्यामुळे गोपनीय चर्चा असल्यास ती कोणत्या इमारतीत होणार, हे आधीच ठरवून घ्यावे.

मुक्काम आणि बैठक एकाच छताखाली हवी असल्यास सरकारी मालकीच्या ‘पॅरादोर’ हॉटेलांचा विचार करावा. त्यांतील पहिले १९२८ मध्ये ग्रेदोस येथे सुरू झाले. सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील पॅरादोर पूर्वी यात्रेकरूंचे रुग्णालय होते. त्याचे चार चौक चार शुभवर्तमानकारांच्या, म्हणजे बायबलमधील येशूची चरित्रे ज्यांच्या नावे आहेत त्यांच्या, नावांनी ओळखले जातात. त्या भागातला, म्हणजे गॅलिसियातला, पाऊस सुरू झाला तरी चौकाभोवतीच्या ओवऱ्यांतून फिरत बोलता येते, आणि आमचे दोन रखडलेले निर्णय तेथेच मार्गी लागले.

चौथी जागा, एक खासगी राजवाडा, नाव न घेता सांगतो. कॉफीचे यंत्र आणि प्रोजेक्टर एकत्र लावताच वीज गेली, आणि चाकाच्या खुर्चीवरील आमच्या सहकाऱ्याला स्वयंपाकघराच्या दाराने आत आणावे लागले, जरी लेखी उत्तरात ‘सर्वांसाठी प्रवेश सुलभ’ असे कळवले होते. तेव्हापासून मी विजेची क्षमता किलोवॉटमध्ये विचारतो आणि प्रवेशमार्ग स्वतः चालून पाहतो.

नियमांबाबत कुरकुर करण्यात अर्थ नाही. १९८५ च्या वारसा कायद्यानुसार सांस्कृतिक महत्त्वाची म्हणून घोषित झालेल्या स्मारकांच्या दर्शनी भागावर व्यापारी जाहिरात लावता येत नाही, त्यामुळे कंपनीचा फलक आतल्या उभ्या चौकटीवर लावावा. दरपत्रक वाचताना मूल्यवर्धित कर धरला आहे की नाही, हे तपासावे: सभागृहाच्या भाड्यावर सर्वसाधारण दर २१ टक्के, तर निवास आणि भोजनावर १० टक्के आहे, आणि कराविना दिलेला आकडा नेहमीच आकर्षक वाटतो. जेवणाची वेळ बारा वाजता ठेवण्याचा हट्टही सोडावा; तेथे दुपारचे जेवण दोननंतरच होते, म्हणून सकाळचे सत्र लांबवून मध्ये भरपेट अल्पोपाहार ठेवलेला बरा.

पुढील बैठकीसाठी मी सांत पाऊकडे चौकशी पाठवली असून त्यात पहिला प्रश्न विजेचा आहे.