शॉक की केटामिन? दोन्ही घेतलेल्याचं मत

दोन-तीन गोळ्या बदलूनही डिप्रेशन हटत नसेल, तर या दोन उपचारांचा विषय निघतोच. मी दोन्ही घेतलेत, मध्ये तीन वर्षं गेली.

शॉकचं, म्हणजे मेंदूला विजेचा झटका देण्याच्या उपचाराचं नाव काढताच सासूबाई रडल्या होत्या. खरं तर भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे. मला काहीच दुखलं नाही. गुणही आला. चौथ्या खेपेनंतर एका सकाळी मी कुणी न सांगता दाढी केली.

पण त्या वर्षीचे गणपती माझ्याकडे नाहीत. फोटोत मी आरतीचं तबक धरून उभा आहे, शेजारी पुण्याहून आलेली बहीण. ते तबक आठवत नाही, ती आलेलीही आठवत नाही. पुढच्या वर्षी ती म्हणाली, "दादा, गेल्या खेपेला किती मोकळेपणाने बोललास रे!" मी नुसती मान हलवली. बऱ्याच जणांच्या आठवणी परत येतात. माझ्या त्या महिन्याच्या आल्या नाहीत.

केटामिन हे जुनं भुलेचं औषध. इथे डोस कमी, वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटं सलाईनमधून. आठवड्यात दोनदा, तीन आठवडे. छताचा पंखा लांब लांब जायचा, हिच्या बांगड्या जिन्याखाली वाजल्यासारख्या वाटायच्या. बीपी चढतं, म्हणून नर्स जवळच. दुसऱ्या खेपेच्या रात्री मी वरणभात मागून घेतला.

त्रास आहेतच. गुण टिकत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा जावं लागतं. त्या दिवशी एकट्याने लोकल पकडायची नाही. म्हणजे हिची रजा आणि परळहून मुलुंडपर्यंत टॅक्सी. वर्षानुवर्षं घेतलं तर मूत्राशयाला जपावं लागतं, आणि हे घरी करायचं औषध नव्हे.

अभ्यासांतही एकमत नाही. २०२३च्या अमेरिकेतल्या अभ्यासात केटामिनने ५५ टक्के रुग्णांना फरक पडला, शॉकने ४१. स्वीडनमध्ये मात्र शॉक सरस ठरला. अमेरिकेतल्या त्या रुग्णांना भास-भ्रम नव्हते. घरातल्या माणसाला भास होत असतील, त्याने अन्नपाणी सोडलं असेल, तर माझं ऐकू नका, डॉक्टर शॉक म्हणाले तर वेळ दवडू नका.

बाकीच्यांनी, जमत असेल तर, केटामिनबद्दल आधी विचारून बघावं असं मला वाटतं. मी पुन्हा खाली गेलो तर तेच विचारणार आहे. यंदाही गणपतीला बहीण येतेय.